वस्तीचे नाव छातीवर

गोल करणाऱ्यांचे कौतुक करणाऱ्या देशात त्याने गोल अडवण्याचे काम पत्करले. एकामागून एक क्लबांनी लहानपणी परत पाठवलेला हा मुलगा पुढे सलग तीन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत खेळला. ब्राझीलचा बचावपटू काफू याची ही कहाणी.

३० जून २००२. रविवारची दुपार. भारतात साडेचारच्या सुमारास घरोघरी टीव्हीसमोर गर्दी जमली, तेव्हा जपानमधल्या योकोहामा शहरात रात्रीचे आठ वाजले होते. विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना सुरू होत होता. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला ब्राझील. दोन तासांनी निकाल लागला. ब्राझीलने २-० असा विजय मिळवला होता. दोन्ही गोल रोनाल्डोचे. साहजिकच सगळे कॅमेरे रोनाल्डोच्या मागे धावत होते.

मग बक्षीस समारंभ झाला. चषक स्वीकारायला ब्राझीलचा कर्णधार पुढे आला. उंचीने बेताचा, सावळा, सदा हसतमुख असा बत्तीस वर्षांचा माणूस. चषक ठेवण्यासाठी जो चौथरा मांडला होता, त्यावरच तो चढून उभा राहिला. खाली उभे असलेले अधिकारी क्षणभर गोंधळले. हा पडला तर? पण तो पडला नाही. त्याने चषक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि कॅमेऱ्याकडे पाहून आपल्या पत्नीला हाक मारली, "रेजिना, माझे तुझ्यावर प्रेम आहे!"

जगभरच्या प्रेक्षकांना आणखी एक गोष्ट दिसली. त्याच्या पिवळ्या जर्सीवर छातीपाशी हाताने काही अक्षरे लिहिलेली होती. '१०० टक्के जार्दिम इरेने.' हे कोणत्या कंपनीचे नाव होते, की कुणा संताचे? दोन्ही नाही. साओ पावलो या अवाढव्य शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या एका गरीब वस्तीचे ते नाव होते. खुद्द ब्राझीलमध्येही अनेकांनी ते त्या दिवसापर्यंत ऐकलेले नव्हते. ज्या क्षणी सगळे जग आपल्याकडे पाहणार हे ठाऊक होते, त्या क्षणासाठी या माणसाने आपल्या गल्लीचे नाव छातीवर लिहून ठेवले होते.

त्या माणसाचे पूर्ण नाव मार्कोस एवांजेलिस्ता दे मोराइस. जग त्याला ओळखते ते काफू या नावाने.

सामन्याच्या दिवशी जन्म

काफूचा जन्म ७ जून १९७० चा. फुटबॉलची आवड असलेल्यांना ही तारीख वेगळ्याच कारणासाठी आठवत असेल. त्याच दिवशी मेक्सिकोमधल्या ग्वादालाहारा शहरात ब्राझील आणि इंग्लंड यांच्यात विश्वचषकाचा सामना झाला होता. पेलेने डोक्याने मारलेला चेंडू इंग्लंडचा गोलरक्षक गॉर्डन बँक्सने जमिनीलगत झेप घेऊन वर उडवला आणि गोल वाचवला, तो हाच सामना. शेवटी जैर्झिन्योच्या एकमेव गोलवर ब्राझीलने तो जिंकला. सारा देश त्या सामन्यात गुंग असताना साओ पावलोत हे मूल जन्माला आले.

त्या वर्षी ब्राझीलने विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात इटलीवर ४-१ अशी मात केली. त्यातला शेवटचा, चौथा गोल आजही फुटबॉलमधल्या सर्वांत देखण्या गोलांपैकी एक मानला जातो. तो केला होता कर्णधार कार्लोस अल्बेर्तोने. हा कर्णधार खेळायचा उजव्या बाजूचा बचावपटू म्हणून. बत्तीस वर्षांनी त्याच जागेवर खेळणारा आणि त्याच दिवसांत जन्मलेला दुसरा एक कर्णधार पुन्हा चषक उचलणार होता.

पण ते फार पुढचे. जार्दिम या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ बाग. जार्दिम इरेने म्हणजे इरेनेची बाग. नाव बागेचे असले तरी तिथे गर्दीची घरे, अरुंद चढउताराच्या गल्ल्या आणि हातावर पोट असलेली माणसे. अशा वस्त्यांतून मुलांसमोर दोन वाटा लवकरच उभ्या राहतात. एक गुन्हेगारीची, झटपट पैशांची. दुसरी वाट चेंडूची. चेंडूच्या वाटेवर गर्दी प्रचंड आणि शेवटपर्यंत पोचणारे मूठभर.

लहानगा मार्कोस दिवसभर पळायचा. उजव्या कडेने त्याची धाव अशी की, बघणाऱ्यांना काफुरिंगा नावाच्या तेव्हाच्या एका खेळाडूची आठवण व्हायची. काफुरिंगा फ्लुमिनेन्से आणि अत्लेतिको मिनेइरो या क्लबांकडून उजव्या कडेला खेळणारा चपळ आघाडीपटू. मुलाला त्याचेच नाव चिकटले आणि पुढे तोंडात घोळून घोळून त्याचे 'काफू' झाले.

"पुढचा मुलगा!"

ब्राझीलमध्ये मोठ्या क्लबांच्या मुलांच्या संघांसाठी निवड चाचण्या होतात. शेकडो मुले येतात. काही मिनिटे खेळायला मिळते आणि तेवढ्यात प्रशिक्षकाच्या डोळ्यांत भरावे लागते. नाव पुकारले गेले नाही, तर बूट पिशवीत घालून बस पकडायची.

काफूने ही बस पुष्कळदा पकडली. कोरिंथियान्सने त्याला नाकारले. पाल्मेइरासने नाकारले. पेलेचा क्लब सांतोस, पोर्तुगेझा, अत्लेतिको मिनेइरो, सगळीकडे हेच झाले. एखाद्या मुलाने तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर बूट कायमचे खुंटीला टांगले असते. त्याच्या घरच्यांनीही "आता काही तरी कामधंदा बघ" असे म्हटले असते, तर कुणी त्यांना दोष दिला नसता. काफू पुन्हा पुढच्या चाचणीला जात राहिला.

१९८८ मध्ये, अठराव्या वर्षी, साओ पावलो क्लबने त्याला तरुणांच्या संघात घेतले.   दार उघडले होते, पण अजून उंबरठ्यावरच उभे राहायचे होते.

गुरू भेटला

१९९० मध्ये तेले सान्ताना साओ पावलो क्लबचे प्रशिक्षक झाले. हे नाव ब्राझीलच्या घराघरात ठाऊक होते. १९८२ आणि १९८६ च्या विश्वचषकांत ब्राझीलचा संघ त्यांच्याच हाताखाली खेळला. १९८२ चा संघ तर इतका सुंदर खेळे की, तो इटलीकडून हरला तेव्हा ब्राझीलबाहेरचे लोकही हळहळले. चषकाने दोनदा हुलकावणी दिलेला हा गुरू शिस्तीचा कडक आणि खेळातल्या बारीकसारीक गोष्टींबाबत कमालीचा काटेकोर.

काफू तेव्हा मधल्या फळीत आणि उजव्या कडेला पुढे खेळायचा. तेले यांनी त्याला मागे आणले आणि राइट बॅक केले, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू.

फुटबॉल फारसा न पाहणाऱ्या वाचकांसाठी हे काम काय असते ते थोडक्यात सांगायला हवे. राइट बॅकचे पहिले काम म्हणजे आपल्या उजव्या कडेने चाल करून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला थोपवणे. पण ब्राझीलमध्ये तेवढ्यावर भागत नाही. तिथे बाजूच्या बचावपटूने पुढेही जायचे असते. १९५८ च्या विश्वचषकात निल्टन सांतोस या डाव्या बाजूच्या बचावपटूने ऑस्ट्रियाविरुद्ध आपल्या अर्ध्यातून थेट पुढे मुसंडी मारून गोल केला आणि बचावपटूने मागेच थांबावे हा जुना समज मोडीत निघाला. तेव्हापासून ब्राझीलच्या कडेच्या बचावपटूकडून दुहेरी अपेक्षा असते. आपला संघ चढाई करू लागला की कडेने धावत थेट दुसऱ्या टोकाला जायचे, तिथून गोलसमोर चेंडू टाकायचा, ज्याला क्रॉस म्हणतात, आणि चेंडू गमावला की जिवाच्या आकांताने पळत पुन्हा आपल्या जागेवर यायचे.

मैदान सुमारे १०५ मीटर लांब. हे जाणे-येणे नव्वद मिनिटांत कितीतरी वेळा. पुढची धाव प्रेक्षकांना दिसते, टाळ्या मिळतात. मागे परतण्याची धाव कुणी पाहत नाही, कारण तोवर सगळ्यांची नजर चेंडूवर असते. घरात सगळ्यांना वेळेवर डबा मिळतो, धुतलेले कपडे मिळतात, तोवर त्यामागचा हात कुणाच्या लक्षात येत नाही. बचावपटूचेही तसेच. त्याचे काम चोख झाले तर काहीच घडत नाही, आणि एकदा चुकले तर लोक वर्षानुवर्षे तेवढेच सांगत बसतात.

आघाडीवर खेळण्याचे स्वप्न पाहिलेल्या तरुणाला ही बदली रुचणे कठीण. काफूने ती स्वीकारली. त्याच्याजवळ दम होता. उरलेले तेले यांनी घोटून घेतले. धावत धावत, मान वर करून, नेमक्या जागी चेंडू कसा टाकायचा हे या गुरूच्या सरावात पुन्हा पुन्हा करावे लागे.

फळ लवकरच दिसले. साओ पावलो क्लबने १९९२ आणि १९९३ अशी सलग दोन वर्षे दक्षिण अमेरिकेतली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, कोपा लिबेर्तादोरेस जिंकली. त्याच दोन वर्षांत टोकियोला युरोपच्या संघांशी गाठ पडली. १९९२ मध्ये योहान क्रायफच्या बार्सिलोनाला २-१ ने, तर १९९३ मध्ये इटलीच्या बलाढ्य मिलानला ३-२ ने साओ पावलोने हरवले. १९९४ मध्ये काफूची दक्षिण अमेरिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवड झाली. गोल करणाऱ्यांच्या खंडात हा मान एका बचावपटूला मिळाला होता.

बाकावरून अंतिम सामन्यात

राष्ट्रीय संघात काफू १९९० मध्येच आला होता, पण तिथे त्याची जागा पक्की नव्हती. १९९४ च्या अमेरिकेतल्या विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा राइट बॅक होता जॉर्जिन्यो. काफू बहुतेक वेळ बाकावर.

१७ जुलै १९९४. लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेना शहरात भर दुपारच्या उन्हात ब्राझील आणि इटली अंतिम सामन्यासाठी उतरले. भारतात तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि डोळे चोळत जागलेल्या असंख्य प्रेक्षकांनी तो सामना पाहिला. वीसेक मिनिटे झाली आणि जॉर्जिन्यो जखमी होऊन बाहेर पडला. काफूला हाक आली.

विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, अंग नीट गरम व्हायच्या आत, कुणाच्या तरी जागेवर उतरायचे, आणि तेही माल्दिनी, बारेसी, बाज्जो यांच्या इटलीसमोर. काफू उरलेला वेळ आणि जादा वेळही तडफेने खेळला. एकशेवीस मिनिटांत गोल झाला नाही. पेनल्टी फटक्यांत रॉबेर्तो बाज्जोचा फटका गोलच्या वरून गेला आणि चोवीस वर्षांनी ब्राझील विश्वविजेता ठरला. तेले सान्ताना यांना प्रशिक्षक म्हणून जो चषक कधी मिळाला नाही, तो त्यांच्या शिष्याच्या हाती आला.

१९९५ च्या सुरुवातीला काफू स्पेनमधल्या झारागोझा क्लबात गेला. त्या मोसमात क्लबने युरोपातला कप विनर्स कप जिंकला, पण काफूचे बस्तान तिथे बसले नाही. तो मायदेशी परतला आणि लवकरच पाल्मेइरासमध्ये दाखल झाला. होय, ज्याने लहानपणी त्याला परत पाठवले होते, तोच हा पाल्मेइरास क्लब. आता त्याच क्लबला तो हवा होता. १९९६ मध्ये रिव्हाल्डो, जाल्मिन्या, म्युलर, काफू यांच्या या संघाने साओ पावलो राज्याची स्पर्धा शंभरहून अधिक गोल करत जिंकली.

रोमची आगगाडी

१९९७ मध्ये तो पुन्हा युरोपात गेला, या वेळी इटलीतल्या रोमा क्लबात. इटली म्हणजे बचावाची कार्यशाळा. तिथे बाहेरच्या बचावपटूने येऊन नाव कमवणे म्हणजे हलवायाच्या घरी पेढे विकण्यासारखे. काफूने ते केले. तिथल्या प्रेक्षकांनी त्याला 'पेंडोलिनो' म्हणायला सुरुवात केली. पेंडोलिनो ही इटलीतली वेगवान रेल्वेगाडी. वळणावर ती किंचित कलते, पण वेग कमी करत नाही. उजव्या कडेने सुसाट जाणाऱ्या आणि तेवढ्याच वेगाने परतणाऱ्या काफूला ते नाव शोभले.

मधल्या काळात १९९८ चा विश्वचषक आला. ब्राझील पुन्हा अंतिम फेरीत पोचला. उपांत्य सामना काफूला बंदीमुळे खेळता आला नव्हता. अंतिम सामन्यात तो परतला. पण पॅरिसजवळचा तो दिवस ब्राझीलचा नव्हता. सामन्याच्या काही तास आधी रोनाल्डोची प्रकृती अचानक बिघडली, सगळा संघ हादरला, आणि फ्रान्सच्या झिनेदिन झिदानने डोक्याने दोन गोल करून सामन्याचा निकाल जवळपास तिथेच लावला. फ्रान्स ३, ब्राझील ०. चार वर्षांपूर्वी ज्याने विजयाची फेरी मारली होती, त्याला या वेळी दुसऱ्यांचा जल्लोष पाहत उभे राहावे लागले.

रोममध्ये मात्र चांगले दिवस येत होते. फाबिओ कापेल्लो प्रशिक्षक झाले होते. तोत्ती, बातिस्तुता, मोन्तेल्ला असे गोल करणारे खेळाडू संघात होते. शहरातला प्रतिस्पर्धी लाझिओ आदल्या वर्षीचा विजेता. २०००-०१ च्या मोसमात या दोघांच्या सामन्यात काफूने एक करामत केली, जी रोमचे लोक अजून सांगतात. लाझिओचा पावेल नेदवेद अंगावर धावून आला. काफूने चेंडू त्याच्या डोक्यावरून उडवून पलीकडे घेतला. नेदवेद वळला, पुन्हा आला. पुन्हा डोक्यावरून. तिसऱ्यांदाही तेच. युरोपातल्या उत्तम खेळाडूंत गणला जाणारा नेदवेद तीनदा चकला. जार्दिम इरेनेच्या गल्लीत शिकलेला खेळ होता तो.

१७ जून २००१ रोजी रोमाने पार्माला ३-१ ने हरवून इटलीचे विजेतेपद पटकावले. याआधी १९४२ आणि १९८३ मध्ये, अशी दोनच विजेतेपदे क्लबच्या नावावर होती.

खांदा निखळला, फीत आली

रोमामध्ये दिवाळी चालू असताना ब्राझीलचा राष्ट्रीय संघ मात्र संकटात होता. २००२ च्या विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांत तो तब्बल सहा वेळा हरला. प्रशिक्षक बदलले गेले. २००१ च्या कोपा अमेरिकात तर होंडुरासने त्यांना हरवले. आजवरच्या प्रत्येक विश्वचषकात खेळलेला हा देश या वेळी बाहेर राहतो की काय, अशी भीती होती. शेवटच्या सामन्यात व्हेनेझुएलाला हरवल्यावर कुठे प्रवेश नक्की झाला.

लुईझ फेलिपे स्कोलारी नवे प्रशिक्षक होते. कर्णधारपद त्यांनी एमर्सनकडे दिले होते. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात एमर्सन गंमत म्हणून गोलरक्षकाच्या जागी उभा राहिला, चेंडू अडवायला झेपावला आणि त्याचा खांदा निखळला. तो स्पर्धेबाहेर गेला. कर्णधाराची फीत काफूच्या दंडावर आली.

स्कोलारींच्या रचनेत मागे तीन बचावपटू आणि दोन्ही कडांना काफू व रोबेर्तो कार्लोस. या दोघांनी दोन्ही कडा सांभाळायच्या, म्हणजे मग रोनाल्डो, रिव्हाल्डो आणि रोनाल्डिन्यो यांना मोकळेपणाने खेळता येईल. लोकांनी त्या तिघांचे गोल पाहिले. त्यांना तो मोकळेपणा देणारे दोघे मैदानाच्या कडेने खाली-वर धावत होते. तुर्कस्तान, चीन, कोस्टारिका, बेल्जियम, इंग्लंड, पुन्हा तुर्कस्तान आणि शेवटी जर्मनी. सात सामने, सात विजय. काफू सातही सामने खेळला.

आणि मग योकोहामाचा तो चौथरा. काफू लागोपाठ तीन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत खेळला. पेलेलाही हे जमले नव्हते. १९६२ चा अंतिम सामना तो दुखापतीमुळे खेळू शकला नाही. २०२२ च्या स्पर्धेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही खेळाडूला हा पराक्रम करता आलेला नव्हता.

ब्राझीलच्या पाच विजेत्या कर्णधारांची यादी पाहिली तर एक मजेशीर गोष्ट ध्यानात येते. १९५८ चा बेलिनी बचावपटू. १९६२ चा माऊरो बचावपटू. १९७० चा कार्लोस अल्बेर्तो बचावपटू. १९९४ चा डुंगा मधल्या फळीतला, पण त्याचेही मुख्य काम प्रतिस्पर्ध्याची चढाई मोडण्याचे. आणि २००२ चा काफू. जगाला ब्राझील म्हटले की पेले, गारिंचा, रोमारिओ, रोनाल्डो आठवतात. पण कर्णधाराची जबाबदारी या देशाने दर वेळी मागे उभे राहून घर राखणाऱ्याच्या खांद्यावर टाकली. चषक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची प्रथाही बेलिनीपासूनच पडली. मागच्या छायाचित्रकारांना तो दिसावा म्हणून त्याने उंच धरला, असे सांगतात. काफूने त्यात चौथऱ्याची भर घातली.

इस्तंबूलची रात्र

२००३ मध्ये काफू मिलानला गेला. वय तेहतीस. या वयात बहुतेक बचावपटू निवृत्तीचा विचार करतात. ज्या क्लबला त्याने १९९३ मध्ये टोकियोत हरवले होते, त्याच क्लबात आता तो पावलो माल्दिनीच्या शेजारी उभा राहिला. पहिल्याच मोसमात इटलीचे विजेतेपद पुन्हा मिळाले.

पण खेळाडूच्या आयुष्यात नुसतेच चषक नसतात. २५ मे २००५ ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. मिलानसमोर लिव्हरपूल. मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे. सामना संपल्यातच जमा होता. मध्यंतरानंतर अवघ्या सहा मिनिटांत लिव्हरपूलने तीन गोल केले आणि पुढे पेनल्टी फटक्यांवर चषक नेला. काफू ती पूर्ण रात्र मैदानावर होता. पस्तिशीला आलेल्या माणसाला, ज्याच्याकडे आता फार मोसम उरलेले नाहीत, तो पराभव किती जड गेला असेल!

पुढच्या वर्षी जर्मनीत विश्वचषक झाला. काफू पुन्हा कर्णधार. ब्राझीलला सगळ्यांनी आधीच विजेता ठरवून टाकले होते. उपान्त्यपूर्व फेरीत पुन्हा फ्रान्स समोर आला, पुन्हा झिदान खेळला, आणि थिएरी आँरीच्या गोलने ब्राझील बाहेर गेला. छत्तीस वर्षांच्या काफूला अखेरच्या पंधरा मिनिटांत बदलण्यात आले. देशासाठी तो त्याचा शेवटचा सामना ठरला. सोळा वर्षांत १४२ सामने. ब्राझीलच्या पुरुष संघातर्फे इतके सामने आणखी कुणी खेळलेला नाही. आणि गोल किती? फक्त पाच.

२००७ मध्ये मिलानने अथेन्सला लिव्हरपूललाच हरवून इस्तंबूलची परतफेड केली. काफू तेव्हा राखीव खेळाडूंत होता. तेरा वर्षांपूर्वी पासाडेनात सुरुवात झाली तशाच एका बाकावर. या वेळी हाक आली नाही, पण पदक मिळाले. मे २००८ मध्ये उदिनेझेविरुद्ध तो मिलानकडून शेवटचे खेळला. आयुष्यभर दुसऱ्यांना गोलसाठी चेंडू पुरवणाऱ्या या बचावपटूने निरोपाच्या त्या सामन्यात स्वतः एक गोल केला.

वस्तीकडे परत

छातीवर लिहिलेली अक्षरे धुतल्यावर जातात. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो. मोठा झालेला मुलगा आपल्या वस्तीसाठी पुढे काय करतो?

काफूने २००४ मध्ये जार्दिम इरेनेमध्येच आपल्या नावाची संस्था उघडली. तिथल्या मुलांना खेळ, अभ्यासाला मदत, काही शिकण्याची जागा मिळावी आणि रस्त्यावरच्या वाईट संगतीपासून ती दूर राहावीत, हा हेतू. चेंडूच्या वाटेने सगळेच पुढे जात नाहीत, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? म्हणून खेळाडू घडवण्यापेक्षा मुलांना सांभाळण्यावर तिथे भर होता. अशी शेकडो मुले त्या दारातून आत आली.

ही गोष्ट इथे संपवता आली असती, तर किती बरे झाले असते. पण संस्था चालवायला दर महिन्याला पैसा लागतो, आणि जिंकलेल्या चषकांवर तो मिळत नाही. आर्थिक अडचणी वाढत गेल्या आणि सुमारे पंधरा वर्षे काम केल्यानंतर संस्थेला दारे बंद करावी लागली. ज्या माणसाने मैदानावर दम कधी सोडला नाही, त्याला हे एक मैदान सोडावे लागले.

त्याच सुमारास, सप्टेंबर २०१९ मध्ये, याहून मोठा घाव बसला. काफूचा थोरला मुलगा घरी फुटबॉल खेळत होता. खेळता खेळता त्याला अस्वस्थ वाटू लागले, आणि हृदयविकाराने तो ऐन तिशीत गेला. ज्या खेळाने घराला सारे काही दिले, तोच खेळ खेळताना मुलगा डोळ्यांसमोरून निघून गेला. या दुःखाचे कुठे मोजमाप नाही. जगभरच्या फुटबॉलप्रेमींनी, क्लबांनी, जुन्या सहकाऱ्यांनी आणि प्रतिस्पर्ध्यांनीही काफूला धीर दिला.

त्यानंतरही काफू लोकांत दिसत राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो कोलकात्याला आला होता. विश्वचषक आला की ज्या शहरातल्या गल्ल्या ब्राझीलच्या पिवळ्या-हिरव्या झेंड्यांनी भरून जातात, तिथे वीस वर्षांपूर्वीचा विजेता कर्णधार पाहायला लोकांनी गर्दी केली नसती तरच नवल. २००२ नंतर २०२२ पर्यंत पाच विश्वचषक झाले. त्यांपैकी एकाही स्पर्धेत ब्राझीलच्या कर्णधाराला चषक उचलता आला नाही. म्हणून योकोहामाच्या चौथऱ्यावरचे ते छायाचित्र ब्राझीलमध्ये पुन्हा पुन्हा छापले जाते.

त्या छायाचित्रात चषक झळकतो, कर्णधार हसतो आणि छातीवरची वेडीवाकडी अक्षरे नीट वाचता येतात. ज्या क्लबांनी एका मुलाला परत पाठवले, त्यांची नावे त्यात कुठे नाहीत. प्रत्येक नकारानंतर तो मुलगा बूट घेऊन ज्या वस्तीत परत यायचा, तिचे मात्र आहे.